वाळुंजांच्या डोहाचं चित्र

ते चित्र भिंतीवरून काढू नका, आहे तिथंच राहू द्या. नीट बघायचं असेल तर खुर्ची जवळ ओढून घ्या, दिवा मी आणतो. ह्या तेरा वर्षांत घरी आलेल्या कितीतरी माणसांनी त्या चित्राकडे पाहिलं, "नदी छान उतरलीय" म्हणाली आणि दुसऱ्या गोष्टीला लागली. होडीतला हा वाकलेला माणूस कोण, असं विचारणारे तुम्ही पहिलेच. विचारलंत म्हणून सांगतो. माझी बायको केझाया असती तर सांगितलं नसतं.

फ्रान्सशी चाललेली लढाई संपली, त्या वर्षीची गोष्ट. लढाईच्या दिवसांत बड्या लोकांना समुद्रापलीकडे जाता येत नसे, म्हणून सगळे आमच्या वाय नदीवर येत. रॉसच्या धक्क्यावर होडीत बसायचं, दोन दिवसांनी चेपस्टोला उतरायचं. होडीच्या मधोमध एक मेज ठोकलेलं असे. त्यावर कागद पसरून ते नदी रंगवत, कडे रंगवत, पडके किल्ले रंगवत. तीस वर्षं मी ह्या लोकांना होडीतून नेलं. कुठल्या वळणावर ते श्वास रोखणार आणि कुठल्या वळणावर खायला मागणार, हे मला पाठ होतं.

त्या ऑगस्टात बाथहून एका मिस फॅरंट नावाच्या बाईंचं पत्र आलं. मला वाचता येत नाही, खानावळीच्या मालकानं वाचून दाखवलं. बाई मुलींना चित्रकला शिकवत. सप्टेंबरात दोन दिवस होडी हवी, दुसरे प्रवासी नकोत, आणि त्या एकट्या असल्यानं सोबतीला एखादी भली बाई हवी, नावाड्याची पत्नी चालेल, असं लिहिलं होतं.

मी घरी येऊन केझायाला सांगितलं ते ती नाही म्हणणार ह्या खात्रीनं. दोन वर्षं तिनं होडीत पाय ठेवला नव्हता. पण ती भांडं घासता घासता थांबली आणि म्हणाली, "येते मी."

"तुला जमेल का?"

"काठानं शोधून झालं, एबेल. आता मधून बघू दे."

ती काय शोधत होती ते सांगायला हवं. आम्हाला एकच मुलगी होती. डॅमरिस. वीस वर्षांची होती. सुईकामात तिचा हात असा, की टाका दिसायचा नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्चमधल्या एका सोमवारी ती आमच्या घराखालच्या पायऱ्यांवर धुणं धुवायला गेली आणि परत आली नाही. अर्धं धुतलेलं धुणं टोपलीत तसंच होतं. नदीला पाणी होतं. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. देह सापडला नाही.

आमच्याकडे बुडालेलं माणूस शोधायची एक रीत आहे. अख्खा पाव घ्यायचा, त्याच्या पोटात थोडा पारा भरायचा आणि तो नदीत सोडायचा. जिथं देह असेल तिथं पाव थांबतो, गरगर फिरतो. पाचव्या दिवशी केझायानं पाव भाजला. हवामान सांगायच्या काचेतला पारा कुणाकडून तरी मागून आणला. पाव सोडला आणि ती काठानं त्याच्या मागोमाग चालत निघाली. मी होडीत होतो. संध्याकाळपर्यंत पाव वाहत राहिला. कुठंच थांबला नाही. शेवटी मॉनमथ गावच्या पुलाखाली बदकांनी त्याला टोचून टोचून खाल्लं. तेव्हापासून केझायाचं काठानं फिरणं सुटलं नाही. पाऊस असो, धुकं असो. दाराला कडीही घालू द्यायची नाही.

तर, मिस फॅरंट आल्या. पन्नाशीच्या, उंच, काटकुळ्या. होडीत बसल्या बसल्या त्यांनी मला आडनावानं हाक मारून सांगितलं, "ग्विल्यम, तो किल्ला कुणी बांधला, ह्या कड्यावरून कोण कोसळलं, असलं काही मला सांगायचं नाही. मी नदी बघायला आलेय."

"बरं, बाईसाहेब."

"आणि मी म्हणेन तिथं थांबायचं."

"बरं."

केझायाला मात्र त्यांनी जवळ बसवून घेतलं. तिच्या हातात पाण्याचा डबा दिला, रंगांच्या वड्या कशा घासायच्या ते दाखवलं. बाई सांगतील ते केझाया करत होती, पण डोळे पाण्यावर होते. एकेक झुडूप, एकेक मूळ ती तपासत होती. मला वल्ह्यांवरून तिची पाठ दिसत होती.

गुडरिचचा किल्ला मागं टाकला की नदी एक लांब वळण घेते. त्या वळणाच्या पोटात वाळुंजांचा डोह आहे. दोन्हीकडे जुनी वाळुंजं पाण्यावर ओणवी झालेली, आत प्रवाह मंदावतो, ऊन असलं तरी पाणी हिरवं-काळं दिसतं. त्या दोन वर्षांत मी तिथं कधी होडी थांबवली नव्हती. ज्यांनी मागितलं त्यांना सांगायचो, खाली गाळ आहे, होडी रुतते. त्या दिवशीही मी वल्ही जोरानं मारली.

"थांबा," मिस फॅरंट म्हणाल्या.

"इथं गाळ आहे, बाईसाहेब. पुढं ह्याहून चांगली जागा..."

"इथं."

केझायानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी होडी थांबवली.

सकाळचे अकरा वाजले असतील. वारा नव्हता. बाईंनी डब्यात डोहातलंच पाणी घेतलं, कागद ओला केला आणि रंग सोडला. त्यांचं काम बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू. निळा आणि तांबूस रंग एकमेकांत उतरत गेले आणि तासाभरात कागदावर तोच डोह उभा राहिला, तीच झाडं, तीच गप्प सावली. रंग वाळल्यावर त्यांनी टोपलीतला पाव घेतला, आतला गर काढला आणि बोटांत मळला.

"पाव कशाला?" केझायानं विचारलं. सकाळपासून तिचा तो पहिलाच प्रश्न होता.

"रंग उचलायला. हे बघा." त्यांनी स्वच्छ पाण्यात बुडवलेल्या कुंचल्यानं चित्रातल्या पाण्यावर एक बारीक रेघ ओढली, जरा थांबल्या, फडक्यानं टिपली आणि वरून पावाचा गर घासला. रंग निघाला. खालचा पांढरा कागद उघडा पडला, डोहावर उन्हाची तिरीप पडावी तसा. "बुडालेला उजेड वर काढायचा असेल, तर पावासारखं दुसरं काही नाही."

केझायाचा हात डब्याच्या कडेवर घट्ट झाला, एवढं मी पाहिलं.

मग बाईच कपाळाला आठ्या घालून कागदावर वाकल्या. ती पांढरी रेघ थांबली नव्हती. जिथं कुंचला लागलाच नव्हता तिथंही रंग सुटत होता, आणि रेघेच्या टोकाला एक वाकडा, बोटभर ठिपका उमटला होता. त्यांनी त्यावर रंग लावला. तो खाली बसेना. पुन्हा लावला. कागदानं तो बाजूला सारला.

"कागद खराब निघाला," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज उतरला होता. "चला इथून. गारठा आहे."

गारठा नव्हता. मी घामानं भिजलो होतो.

त्या चित्र फाडणार, इतक्यात केझाया म्हणाली, "मला द्याल?"

"हे बिघडलेलं? पुढं टिंटर्नला चांगलं एक करून देते तुम्हाला."

"हेच द्या."

मिस फॅरंटनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कागद तिच्या मांडीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या चेपस्टोला उतरल्या, आणि पुन्हा कधी आमच्या नदीवर आल्या नाहीत.

हे झालं बुधवार-गुरुवारी. रविवारी केझाया चर्चला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मी एकटा गेलो. प्रवचन काय झालं ते आठवत नाही. परत येताना ऊन लख्ख होतं, शेजारच्यांच्या बागेत सफरचंदं पडलेली, त्यांच्यावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. मी आमचं दार ढकललं आणि नदीचा वास आला.

आमचं घर काठावरच आहे, नदीचा वास आम्हाला नवा नव्हे. पण हा काठाचा वास नव्हता. तळाच्या गाळाचा, कुजलेल्या पानांचा, आणि त्यात भिजलेल्या जाड कापडाचा वास... तो वास मला एका पहाटेपासून ठाऊक होता, आणि तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

केझाया खिडकीखालच्या मेजाशी बसली होती. समोर ते चित्र, बशीत पाणी, आणि अर्धा पाव. ती घासत होती. अगदी हलक्या हातानं, तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तशी. घरात तेवढाच आवाज होता. मेजावर वापरलेल्या गराच्या गोळ्या पडल्या होत्या. त्यांना रंग लागलेला नव्हता. त्या शेवाळानं माखल्या होत्या, आणि ओल्या होत्या.

"दार लाव," ती म्हणाली.

मी लावलं.

"इकडे ये. मी काढत नाहीये, एबेल. मी नुसतं ओलं करते आणि टिपते. जिथं निघायचंय तिथलंच निघतं. बाकीचा रंग हलत नाही."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. डोहाच्या मध्यावर, हिरव्या-काळ्या पाण्यात, पांढरी होडी होती. होडीत एक माणूस, कडेवरून वाकलेला. त्याच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी होती आणि डावीकडचा काठ वर मुडपलेला होता.

"ही तुझी टोपी आहे," केझाया म्हणाली.

मला कागद हिसकावून घेता आला असता. चूल चार पावलांवर होती. मी हललो नाही. तिनं बोट पाण्यात बुडवलं, होडीच्या कडेपाशी फिरवलं, फडकं दाबलं, पाव घासला. माणसाच्या हातांखालून एक लांब, पांढरा आकार बाहेर येऊ लागला. अर्धा होडीत, अर्धा पाण्यात. ती घासत होती आणि तिचा श्वास चढत होता. डोक्याचा गोल आकार दिसला तेव्हा ती थांबली.

"कुठल्या दिवशी?"

"केझाया..."

"कुठल्या दिवशी सापडली तुला?"

"तिसऱ्या," मी म्हणालो. "बुधवारी. उजाडता उजाडता. वाळुंजाच्या मुळांत अडकली होती."

"आणि मी?"

"तू खालच्या बंधाऱ्यापाशी होतीस. लोकांबरोबर."

दोन वर्षं जे गिळलं होतं ते मग मी बोललो. डॅमरिसच्या एप्रनचे दोन्ही खिसे जड होते. आत नदीकाठचे गोटे होते, आणि खिसे वरून शिवून टाकलेले होते. टाका दिसत नव्हता, एवढा बारीक. तसा टाका आमच्या गावात एकाच हाताचा होता. तिचा पाय घसरला नव्हता. धुणं तिनं आमच्यासाठी मांडून ठेवलं होतं, आम्हाला तसं वाटावं म्हणून.

का गेली ते मला आजही ठाऊक नाही. त्या हिवाळ्यात ती गप्प असायची. मी विचारलं नव्हतं. थंडीचे दिवस आहेत, उन्हाळ्यात बोलेल, असं मला वाटलं होतं.

तुम्ही आताच्या काळातले. तेव्हाचा कायदा तुम्हाला माहीत नसेल. आपल्या हातानं गेलेल्या माणसाला चर्चच्या आवारात जागा नसे. चौरस्त्यावर खड्डा खणायचे, रात्री, प्रार्थनेविना, आणि देहातून लाकडाचा खुंट ठोकायचे. मी सात वर्षांचा असताना एका मोलकरणीला तसं पुरलेलं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच मातीवरून बाजाराच्या गाड्या गेल्या. आमच्या मुलीचे ते खिसे एकानं जरी पाहिले असते...

"म्हणून मी तिला परत दिली," मी म्हणालो. "होडीवरच्या छताचं कापड काढलं, त्यात गुंडाळली, आणि डोहाच्या मध्यावर, जिथं तळ लागत नाही तिथं सोडली. मला येत होती तेवढी प्रार्थना म्हटली."

"आणि माझा पाव?"

हे ती विचारणार हे मला माहीत होतं.

"थांबला होता," मी म्हणालो. "डोहावर थांबला, फिरायला लागला. तू झाडांच्या आड होतीस. मी वल्ह्यानं त्याला पुढं ढकलला."

केझाया रडली नाही, ओरडली नाही. मला वाटत होतं तिनं काहीतरी फेकून मारावं. ती पुन्हा कागदाकडे वळली आणि शेवटचा एक कोपरा राहिला होता तो ओला करून टिपला. होडीतल्या माणसाच्या डाव्या बाहीवर एक छोटी पांढरी खूण उमटली. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हात आहे."

खरंच हात होता. पाच बोटं स्पष्ट. माझ्या बाहीला घट्ट धरलेली.

"तिनं तुला धरलंय, एबेल." तिचा चेहरा बदलला. दोन वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. "तू लगेच सोडलीस का तिला?"

"नाही. बराच वेळ धरून होतो."

"तिनंही धरलं होतं?"

मी चित्राकडे पाहिलं. मग माझ्या बायकोकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि मग रडली.

त्याच दुपारी आम्ही दोघं होडी काढून डोहावर गेलो. मी वल्ही आत घेतली. मृतांसाठीची अख्खी प्रार्थना केझायाला तोंडपाठ होती, तिनं ती सावकाश म्हटली, एक शब्द न गाळता. मग मनगटापर्यंत हात पाण्यात घालून बसून राहिली. परतताना प्रवाहाविरुद्ध यायचं होतं, घरी पोचेतो दिवस मावळला. त्या रात्री तिनं स्वतः दाराला कडी घातली आणि सकाळपर्यंत झोपली.

काठानं फिरणं संपलं. ती आणखी अकरा वर्षं जगली, आणि मी म्हणेन बरी जगली. माझ्याशी पुन्हा हसायला लागली, शेजाऱ्यांच्या मुलींना शिवण शिकवायला लागली. माझ्यावर तिनं राग धरला नाही असं नाही. कधी कधी जेवता जेवता म्हणायची, "मला सांगायचं होतंस, मीपण गप्प राहिले असते." चित्र तिनं तिथं लावून घेतलं. काच नको म्हणाली. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती त्या पाच बोटांवरून आपलं बोट फिरवायची, आणि कधी कुणी बघत नसलं तर ओठ टेकवायची. जाताना शुद्धीत होती. मला म्हणाली, "तिला सांगते, बाबानं धरून ठेवलं होतं."

इतकं तिला माहीत होतं. आता दिवा जरा पुढं घ्या, म्हणजे तिला जे मी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो.

डॅमरिसला मी कापडात गुंडाळलं, ते गळ्यापासून पायांपर्यंत. तिचे हात छातीवर आडवे ठेवले, आणि वरून दोर घेतला. छातीवर, कमरेला, घोट्यांशी. तीन गाठी, नावाड्याच्या. मीच मारल्या, तीन-तीनदा ओढून पाहिल्या. तिचा हात बाहेर येणं शक्य नव्हतं. आणि चित्रात नीट पाहा, आलेलाही नाही. ती इथं आहे, माझ्या उजव्या अंगाला, बांधलेली, सरळ. आणि बाही धरलीय ती डावी. तो हात होडीच्या दुसऱ्या कडेवरून, खालून पाण्यातून वर आलाय.

त्या पहाटे होडीत मी होतो आणि माझी मुलगी होती. माझी बाही कशात तरी अडकली होती, हे मला आठवतं. फांदी असेल म्हणून मी न बघताच झटकली.

माझी केझाया अकरा वर्षं रोज सकाळी त्या बोटांवरून हात फिरवत होती... ती बोटं कुणाची?